शांतलिंगकाकांची वीस कार्डं

उमरग्यात हायवेला लागून माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. ट्रकवाले, ऊसतोडीहून पाठ धरून आलेले, गुडघे बदललेल्या म्हाताऱ्या, लकवा मारलेले असे सगळे तिथं येतात. नवीन पेशंट आला की मी ठरलेले प्रश्न विचारते. शांतलिंग कोरे पहिल्यांदा आले तेव्हाही विचारले.

डाव्या हातापायाला लकवा होऊन तीन आठवडे झाले होते. उजव्या हातात काठी, डाव्या बाजूला बायको नागूबाई. वय त्रेपन्न. अंगकाठी सडसडीत, चेहरा उन्हानं रापलेला. बोलणं थोडं जड, पण कळत होतं.

"सर्टिफिकेटसाठी अर्ज केला का?" मी विचारलं. दिव्यांग प्रमाणपत्राला आमच्याकडं अजून सगळे हँडिकॅप सर्टिफिकेटच म्हणतात. "हँडिकॅप किती लिहून दिलाय?"

"सहा," काका म्हणाले.

"सहा टक्के? साठ असंल काका."

"टक्के न्हाय. नुसता सहा." जरा थांबून म्हणाले, "आधी आठ व्हता. लई मेहनतीनं खाली आणलाय."

मी नागूबाईंकडं पाहिलं. मेंदूला झटका आलेल्या माणसाचं बोलणं कधी कधी भरकटतं, तशी मी मनात नोंद करायला लागले होते. नागूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्यांचं ते गोल्फाचं हाय, मॅडम. तुमी दुसरं कायतरी इचारा."

अशी आमची ओळख झाली. पुढचे चार महिने ते आठवड्यातून तीनदा यायचे. मी त्यांचा हात वळवायची, बोटं उघडायची, आणि ते मला स्वतःची गोष्ट सांगायचे. बोलण्याचाही व्यायाम व्हावा म्हणून मी मुद्दाम विचारत राहायची.

त्यांचं गाव उमरग्याहून अकरा किलोमीटरवर, कर्नाटकच्या हद्दीला खेटून. घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. दहावीत गणितात गेले आणि बाविसाव्या वर्षी एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून हैदराबादला पोचले. तिथं एका गोल्फ क्लबात गवत कापायला लागले. गोल्फ म्हणजे काय हे पहिले सहा महिने कळलंच नाही. माणसं एवढ्या मोठ्या रानात एक पांढरा चेंडू हरवायला येतात आणि मग शोधत बसतात, एवढंच दिसायचं. पुढं ते कॅडी झाले, म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी उचलून सोबत चालायचं आणि कुठली काठी घ्यायची ते सुचवायचं. सोमवारी मैदान बंद असायचं, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. तिथं ते खेळायला शिकले.

आणि हिशेब शिकले तो मिनाज मॅडमकडून.

मिनाज मॅडम एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. दर शनिवारी सकाळी खेळायला यायच्या आणि पिशवी शांतलिंगनंच उचलायची असा त्यांचा हट्ट असायचा. खेळ बेताचाच होता. त्यांचा हँडिकॅप एकतीस, म्हणजे पट्टीचा माणूस जेवढ्या फटक्यांत मैदान संपवतो त्याहून सुमारे एकतीस फटके जास्त त्यांना लागायचे. ते फटके शेवटी वजा करायचे आणि मग दोघांची बरोबरी बघायची. अशानं नवखा आणि पट्टीचा एकाच दिवशी, एकाच मैदानावर खरोखरचा सामना खेळू शकतात.

"मी त्यांना इचारलं," काका सांगत होते, "की मॅडम, हा आकडा काढायचा कसा? तर त्या खाली गवतावरच बसल्या. फटके मांडायच्या कार्डाच्या पाठीवर लिहून दावलं. मी म्हणलं, मला गणित येत न्हाय. त्या म्हणल्या, तुला शिकवणाऱ्याला येत नसंल."

मग काकांनी मला तो हिशेब सांगितला. सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला, म्हणून मी मधे बोलले नाही. प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. एक, पट्टीचा माणूस तिथं किती फटक्यांत खेळ संपवतो तो. दुसरा, साध्या खेळाडूला ते मैदान किती छळतं तो. तुमच्या फटक्यांतून पहिला आकडा वजा करायचा, एकशे तेरानं गुणायचं आणि दुसऱ्या आकड्यानं भागायचं. एकशे तेरा म्हणजे सर्वसाधारण मैदान. म्हणजे अवघड मैदानावरचे शंभर आणि सोप्या मैदानावरचे शंभर सारखे धरले जात नाहीत. असे वीस खेळांचे आकडे मांडायचे. त्यातले सगळ्यांत चांगले, म्हणजे सगळ्यांत कमी, आठ घ्यायचे आणि सरासरी काढायची.

"आणि उरलेले बारा?" मी विचारलं.

"ते धरत न्हायत, मॅडम. बारा दिवस माणसाचे खराब जातेत. कुणाचं बी जातेत. आकडा म्हंजी तुमी चांगल्या दिवशी काय करू शकता ते."

मिनाज मॅडमनी नुसतं शिकवलं नाही, तर क्लबाच्या सेक्रेटरीला सांगून शांतलिंगला कार्डांच्या खोलीत बसवलं. गवत कापायला आलेला माणूस पुढची सोळा वर्षं त्या क्लबातल्या सगळ्यांचे हँडिकॅप काढत बसला. मोठमोठी माणसं खिडकीशी येऊन विचारायची, शांतलिंग, माझा किती झाला? तो सांगेल तो आकडा.

दोन हजार एकवीस साली वडील गेल्यावर ते गावी परतले. चार एकर काळी होती आणि चुलतभावांच्या सोबत दहा-एक एकर मुरमाड माळ होता, ज्यावर तरवड आणि बाभळीशिवाय काही उगवत नव्हतं. चुलतभाऊ म्हणाले, काय करायचं ते कर. काकांनी तिथं सहा होलचं मैदान केलं. भोकासाठी चार इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे जमिनीत पुरले. झेंड्यांना नागूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. हिरवळ पाण्याशिवाय कुठून येणार? तर भोकाभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून गुळगुळीत तांबूस चकत्या केल्या. जुन्या काळी बऱ्याच ठिकाणी तसंच करायचे म्हणे. ऑइल दिलं गफारनं.

गफार शेख म्हणजे काकांचा शाळेपासूनचा दोस्त. हायवेवर त्याचं ट्रकांचं गॅरेज आहे. मैदान बघायला म्हणून आला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माळावर हजर राहायला लागला. हैदराबादच्या मेंबरांनी दिलेल्या जुन्या काठ्यांपैकी मोडक्या त्यानं वेल्डिंग करून जोडल्या. हळूहळू सात-आठ जण जमले. तलाठी, एक किराणावाला, दोन शिक्षक. काकांनी पत्र्याच्या एका तुकड्यावर सगळ्यांची नावं आणि पुढं हँडिकॅप रंगवले. मैदानाला कुणा संस्थेचा शिक्का नव्हता, पण हिशेब अगदी नियमानं. सहा होल तीन वेळा फिरायचं, म्हणजे पुऱ्या खेळाचे अठरा होल. पट्टीचा माणूस साठ फटक्यांत यावा असा अंदाज. मैदान सर्वसाधारण धरलं, म्हणजे गुणाकार-भागाकाराची कटकट नाही, नुसते साठ वजा. पत्र्यावर सगळ्यांत वर होतं: शांतलिंग, ६. गफारपुढं होतं १९.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत, सकाळी शर्टाची बटणं लावताना, काकांचा डावा हात खाली पडला तो वर आला नाही.

मे महिन्यापर्यंत ते काठीनं चांगलं चालू लागले. हात खांद्यापर्यंत उचलायला लागले, मूठ अर्धी मिटायची. धाराशिवहून प्रमाणपत्रही आलं, पंचेचाळीस टक्के. मला वाटलं, आता माळावर जातील. पण ते माळाच्या रस्त्यानंसुद्धा जात नव्हते. नागूबाई म्हणाल्या, दवाखान्याला यायचं तर लांबच्या वाटेनं येतात.

एके दिवशी गफारचाचा माझ्या दवाखान्यात आले. पोत्यात गुंडाळलेली एक काठी आणली होती, भोकाजवळ हळूच ढकलायची असते ती.

"मॅडम, ह्याला हितंच ढकलू द्या. व्यायामच हाय ना?"

व्यायाम खरंच होता. दोन हातांनी काठी धरायची, खांदे हलवायचे, तोल सांभाळायचा. मी चटई अंथरली, स्टीलचा पेला आडवा ठेवला. काका आधी नको म्हणाले, मग ढकलायला लागले. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन गेले, पंधरवड्यानं अकरा. चेहऱ्यावर थोडी लाली आली.

ते बघून गफारचाचा म्हणाले, "चल आता माळावर. कार्ड भरू."

"कार्ड न्हाय भरत."

"का?"

"सहा हँडिकॅपचा माणूस शंभर फटके मारणार?"

"मग सहावर खेळ माझ्यासंगं."

"हरंन की."

"तेच तर म्हणायलाव. तुझा आकडा आता सहा न्हाय, शांतप्पा. खरा आकडा काढ, मग बराबरीनं खेळू."

काकांनी काठी टाकून दिली. "म्हंजी मी हँडिकॅप झालो, असंच म्हण की सरळ!"

"अरे तुझ्याच खेळातला शब्द हाय तो!"

"तुझ्या तोंडून तसा येत न्हाय."

दवाखान्यात चार पेशंट बसलेले. गफारचाचा निघून गेले. काकांनी त्या दिवशी व्यायाम केला नाही. पुढं पंधरा दिवस दोघं बोलले नाहीत. काकांनी माझ्यापुढं नियमसुद्धा काढला. म्हणाले, वर्षातल्या सगळ्यांत चांगल्या आकड्याच्या वर पाचापेक्षा जास्त चढूच देत नाहीत, कुणी मुद्दाम वाईट खेळून आकडा वाढवू नये म्हणून. तेव्हा नियमानं माझा फार तर अकरा होईल, आणि अकरावर मी खेळू शकत नाही, म्हणजे विषय संपला.

मला नियम काय ठाऊक? मी नागूबाईंना विचारलं, हैदराबादच्या त्या मॅडमचा नंबर आहे का. त्यांनी ब्लाउजमधून छोटी डायरी काढली. नंबर होता. दर ईदला आणि दर दिवाळीला फोन व्हायचा. या वेळी मात्र लकव्याचं काकांनी त्यांना कळवलंच नव्हतं.

मिनाज मॅडम आता एक्याऐंशी वर्षांच्या. मी स्पीकर लावून फोन काकांच्या पुढं ठेवला. आधी त्या रागावल्या, सांगितलं का नाही म्हणून. मग सगळं नीट ऐकून घेतलं.

"नियम पूरा बोलो," त्या म्हणाल्या. "पाच के उप्पर नक्को, ये सही. उसके आगे क्या लिखेला है?"

काका चटईची कड चाचपू लागले.

"बोलो ना."

"बीमारी, अपघात असंल तर कमिटी बदलू शकते."

"तुम्हारी कमिटी में कौन है?"

"मी आन् गफार."

फोनमधून हसू आलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शांतलिंग, मैं एकतीस पे तीस साल खेली. तुम मेरी बॅग उठाते थे. कभी मेरेकू कम समझे?"

"न्हाय मॅडम," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "कधीच न्हाय."

"तो फिर? नवा कार्ड भरो. जुने बाजू रखो. वो दुसरे बदन के हैं."

फोन ठेवल्यावर काकांनी उठायला काठी घेतली. मग मला म्हणाले, "मॅडम, मला जरा गफारच्या गॅरेजवर सोडता का?"

मी स्कूटीवरून सोडलं. गफारचाचा ट्रकखाली आडवे झोपलेले, फक्त पाय दिसत होते. काका त्या पायांशी उभं राहून म्हणाले, "कमिटीची मिटिंग हाय." गफारचाचा घसटत बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "मंजूर." कशाची मिटिंग, तेही विचारलं नाही.

कार्डावर दुसऱ्या माणसाची सही लागते. तुम्ही किती फटके मारले हे सोबतच्या माणसानं मोजायचं, सही करायची, तरच कार्ड धरतात. गफारचाचांना गॅरेज होतं, बाकीच्यांना नोकऱ्या. तेव्हा ते काम नागूबाईंनी घेतलं. बचत गटात सही करायला शिकल्या होत्याच. मोजायला त्यांनी ओंजळभर खडे घेतले. एक फटका की एक खडा उजव्या मुठीतून पिशवीत.

पहिल्या सकाळी मीही गेले होते. काकांनी काठी उगारली, डावा हात मधेच सुटला, काठी चेंडूवरून गेली. चेंडू जागचा हलला नाही. नागूबाईंनी खडा पिशवीत टाकला.

"लागलाच न्हाय की," काका म्हणाले.

"मारायला गेलता का न्हाय?"

"गेलतो."

"मग झाला की."

काका माझ्याकडं वळून म्हणाले, "बराबर हाय. धरावाच लागतो." आणि हसले. लकव्यानंतर तोंड एका बाजूला झुकायचं त्यांचं, तरी ते हसू पुरतं होतं.

एका दमात अठरा होल झेपणार नव्हते. कमिटीनं ठराव केला की शांतलिंगनं एका सकाळी सहा होल खेळायचे, तीन सकाळींचं मिळून एक कार्ड. एकदा बाभळीत चेंडू अडकून तीनच्या होलवर, म्हणजे पट्टीचा माणूस तीन फटक्यांत संपवतो अशा होलवर, अकरा फटके झाले. काकांनी स्वतःच सांगितलं, नवीन माणसाला तीनच्या होलवर आठाच्या वर धरत नाहीत, एका वाईट होलनं अख्खा माणूस वाईट ठरू नये म्हणून. नागूबाईंनी तीन खडे परत काढले, जरा नाराजीनंच.

पहिलं कार्ड एकशे एकचं, दुसरं अठ्ठ्याण्णवचं, तिसरं पंचाण्णवचं. तीन कार्डं झाली की आकडा काढता येतो. सगळ्यांत चांगलं घ्यायचं आणि त्यातून आणखी दोन वजा करायचे. पंचाण्णवातून साठ गेले, पस्तीस. दोन गेले, तेहेतीस. काकांनी स्वतः ब्रश घेतला आणि पत्र्यावरचा सहा खरवडून तेहेतीस रंगवलं. नाव वरून खाली आलं, सगळ्यांत शेवटी. रंगवून झाल्यावर दोन पावलं मागं सरून बघितलं.

"अक्षर बिघडलं काय?" त्यांनी विचारलं. उजव्याच हातानं लिहिलं होतं, चांगलं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी गफारचाचांशी सामना ठरला. गफार एकोणीस, शांतलिंग तेहेतीस. मी दवाखाना बंद ठेवून गेले. सकाळी साडेसहाला सुरू केलं. प्रत्येक सहा होलनंतर बांधावरच्या लिंबाखाली तासभर विश्रांती, पाणी, भाकरीचा तुकडा. काकांनी उजव्या हाताच्या जोरावर छोटे छोटे फटके मारले, पण भोकाजवळ आले की त्यांचं ढकलणं बघत राहावं असं. दवाखान्यातल्या स्टीलच्या पेल्याची मला आठवण झाली आणि उगाच अभिमान वाटला. गफारचाचा लांब मारायचे आणि तरवडात शोधत बसायचे. कुणी कुणाला सोडलं नाही. एकदा काकांचा चेंडू खडकाला लागून आत आला, तर गफारचाचा म्हणाले, "नशीब काढलंस," आणि काका म्हणाले, "नशिबाला नियमात मनाई न्हाय."

साडेअकराला संपलं. गफारचाचांचे एकोणऐंशी, त्यातून एकोणीस गेले, साठ. काकांचे चौऱ्याण्णव. त्यातून तेहेतीस गेले, एकसष्ट.

एका फटक्यानं हरले. मला वाईट वाटलं, गफारचाचांनाही. काका मात्र लिंबाखाली बसून आकडे पुन्हा पुन्हा बघत होते.

"एकानं," ते म्हणाले. "गफार, एकानं! धडधाकट माणसासंगं सकाळभर खेळून एकानं हरलो मी. आकडा बराबर निघालाय!"

त्यांनी फोन मागितला आणि मिनाज मॅडमला लावला. हरलो हे सांगायला माणूस इतका खुशीत मी पाहिला नव्हता. मॅडमनी फक्त फटके विचारले, तोंडी हिशेब केला आणि म्हणाल्या, "शाबास." काका फोनला दोन्ही हात लावून म्हणाले, "मॅडम, तुमी त्या दिवशी गवतावर बसला नसता तर..." मॅडम म्हणाल्या, "चलो, अब आराम करो," आणि फोन ठेवला.

त्या दिवशीपासून व्यायामाला त्यांना बोलवावं लागलं नाही. हात चांगला झाला तर आकडा उतरतो, हे कारण मी देऊ शकणाऱ्या कुठल्याही कारणापेक्षा मोठं होतं. दिवाळीनंतर अठरा होल एका सकाळी जमायला लागले.

फेब्रुवारीत विसावं कार्ड झालं. हिशेब बघायला मला मुद्दाम बोलावलं. घराच्या ओसरीवर वीस कार्डं मांडली. काकांनी त्यातली आठ निवडली: चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शह्याऐंशीची दोन, सत्त्याऐंशीची दोन, अठ्ठ्याऐंशीची दोन. प्रत्येकातून साठ वजा केले. बेरीज आली दोनशे अकरा. आठानं भागून सव्वीस पूर्णांक चार. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "आता पक्का."

मग उरलेली बारा कार्डं गोळा करताना त्यांचा हात थांबला. ते एकेक कार्ड उलटून बघू लागले. प्रत्येकावर खाली तीच सही होती, नागूबाई शांतलिंग कोरे, पहिल्यावर वेडीवाकडी, नंतर नंतर सुबक. चांगल्या आठांवर तशीच वाईट बारांवर.

"अगं," त्यांनी आत हाक मारली. नागूबाई चहाचे कप घेऊन आल्या. "ही वीसच्या वीस तुझीच हायत की."

"मग कुणाची असणार?"

"न्हाय, म्हणजे..." काकांनी कार्डं पुन्हा जुळवली. "सही नसली तर एकबी धरलं नसतं. तू रोज आलीस. थंडीत बी आलीस. मी कधी बोललो न्हाय."

नागूबाईंनी माझ्यासमोर संकोचून कप खाली ठेवला. "अवो, चहा गार व्हायलाय," त्या म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. काकांशेजारी ओसरीवर टेकल्या आणि वरचं कार्ड उचलून स्वतःची सही बघू लागल्या.

माझ्या फोनवर दवाखान्यातून तिसऱ्यांदा कॉल येत होता. मी चहा संपवला आणि निघाले.